विशेष शाळेची परसबाग आणि महाविद्यालयीन स्वयंसेवक

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख होती. त्यांपैकी जवळजवळ ६९ टक्के व्यक्ती ग्रामीण भागात राहत होत्या. महाराष्ट्रातील दिव्यांगांची नोंद सुमारे २९ लाख ६३ हजार इतकी झाली होती. या आकड्यांमागे एक साधा, परंतु अवघड प्रश्न उभा आहे. विशेष शाळेत शिकणारे मूल मोठे होते, शाळेची वर्षे संपतात आणि ते आपल्या गावी परतते. त्या घराचा व्यवसाय बहुधा शेतीचा असतो. शाळेत मुलाने रंग ओळखलेले असतात, अंक गिरविलेले असतात, कागदाच्या पिशव्या चिकटविलेल्या असतात. मात्र घरामागच्या वाफ्याला पाणी कसे द्यावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. घरातील सर्व माणसे शेतावर जातात आणि ते एकटे ओट्यावर बसून राहते. दहा-बारा वर्षांच्या शिक्षणाचे फलित अशा रीतीने ओट्यावरच थांबते.

विशेष शिक्षण व शेती यांची सांगड घालण्याची गरज येथे निर्माण होते. या सांगडीत महाविद्यालयीन विद्यार्थी, विशेषतः कृषी शाखेचा विद्यार्थी, मोलाची कामगिरी करू शकतो. ती कोणत्या पद्धतीने करावी, तिच्या मर्यादा कोणत्या आणि तिचे यश कशात मोजावे, याचा विचार उपयुक्त ठरेल.

परंपरेचा आधार

हातांच्या श्रमातून शिक्षण हा विचार महाराष्ट्राला नवीन नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगकेंद्री शिक्षणाची कल्पना मांडली. तीच पुढे 'नई तालीम' म्हणून ओळखली गेली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने 'कमवा आणि शिका' या तत्त्वाने असंख्य ग्रामीण मुलांचे शिक्षण शक्य केले.

समाजाने दूर लोटलेल्या माणसांना जमिनीने आधार दिल्याचे ठळक उदाहरण म्हणजे बाबा आमटे यांचे आनंदवन होय. १९५१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ ओसाड भूमीवर ते उभे राहिले. कुष्ठरोगाने बोटे झडलेल्या माणसांनी तेथे विहिरी खोदल्या, धान्य व भाजीपाला पिकविला. पुढे तेथे अंध व कर्णबधिर मुलांच्या शाळा निघाल्या आणि संस्थेने वरोरा येथे कृषी महाविद्यालयही चालविले. याच संस्थेच्या सोमनाथ प्रकल्पावरील श्रमसंस्कार छावण्यांतून महाविद्यालयीन तरुणांच्या अनेक पिढ्यांनी हातात कुदळ घेतली. शेजारच्या गुजरातमध्ये वलसाड जिल्ह्यातील फणसा येथे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने ग्रामीण अंधांना शेती व तिच्या जोडधंद्यांचे शिक्षण देणारे केंद्र चालविले. दृष्टी नसलेला मनुष्य शेती करू शकतो, हे अशा प्रयत्नांनी दाखवून दिले आहे.

सेवेची चौकट

विद्यार्थ्यांनी समाजसेवा करावी, ही शिफारस १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने व पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने केली होती. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ झाला. आरंभी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थी तीत सहभागी झाले. योजनेच्या नियमानुसार स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास, सेवाकार्य करावयाचे असते. शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर असते.

या १२० तासांतील काही तास अभिमुखता व महाविद्यालयाच्या परिसरातील कामे यांत जातात. उरलेले तास एकाच संस्थेला द्यावयाचे ठरविल्यास आठवड्याला दोन तास, असे वर्षातील तीस ते पस्तीस आठवडे सहज देता येतात. एका दिवसात शंभर खड्डे खणून परतणारी तुकडी आणि दर बुधवारी न चुकता दोन तास येणारा एक विद्यार्थी, यांपैकी विशेष शाळेला दुसऱ्याची गरज अधिक असते. विशेष मुलाला नवा माणूस ओळखीचा होण्यासच काही आठवडे लागतात.

राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषी विद्यापीठांच्या अंतर्गत शिकणारे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी 'कृषिदूत' व 'कृषिकन्या' म्हणून गावोगाव जातात. बियाणे, माती व रोपे यांचे शास्त्र त्यांच्याजवळ असते. मुलांना कसे शिकवावे, याचे ज्ञान विशेष शिक्षकाजवळ असते. ही दोन ज्ञाने एका वाफ्यावर एकत्र आणणे, हे या सेवेचे स्वरूप होय.

शेतीच का?

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला अमूर्त गोष्ट समजण्यास कठीण जाते. प्रत्यक्ष दिसणारी, हाताला लागणारी गोष्ट तुलनेने लवकर समजते. शेतीचे काम प्रत्यक्ष असते. त्यात तीच कृती पुनःपुन्हा करावी लागते आणि पुनरावृत्ती हाच अशा शिक्षणाचा पाया आहे. कामाचे फळ डोळ्यांना दिसते. मेथीचे बी तीन ते पाच दिवसांत उगवते आणि साधारण महिन्याभरात भाजी काढणीस येते. आपण टाकलेल्या बियांची जुडी आपणच बांधावी आणि ती शाळेच्या स्वयंपाकघरात जावी, एवढे चक्र मुलाला एका महिन्यात पूर्ण झालेले दिसते. कोथिंबीर उगवण्यास आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पहिले पीक मेथीचे आणि त्यानंतरचे कोथिंबिरीचे घ्यावे. वाट पाहण्याची सवयदेखील अशी पायरीपायरीने लावता येते.

एक सावधगिरी मात्र आरंभीच घ्यावयास हवी. परसबाग ही शिक्षणासाठी आहे, शाळेला मजूर पुरविण्यासाठी नव्हे. ज्या मुलाला मातीचा स्पर्श असह्य होतो, त्याच्यावर सक्ती करू नये. त्याला रोपांना पाणी घालणे किंवा बियांच्या पुड्या लावणे असे काम द्यावे. भाजी विकली गेल्यास तिचा हिशेब मुलांसमोर लिहिला जावा आणि त्या पैशाचा विनियोग मुलांसाठीच व्हावा.

पहिले काही आठवडे

स्वयंसेवकाने पहिल्या दिवशी खुरपे हातात घेऊन शिकविण्यास प्रारंभ करणे, ही सर्वसाधारण चूक होय. पहिले दोन-तीन आठवडे पाहण्यात घालवावेत. मूल कोणत्या हाताने काम करते, किती वेळ एका जागी थांबते, शब्द समजतो की खूण, कशाला घाबरते, काय केल्याने शांत होते, या गोष्टी शिक्षकांना विचारून वहीत टिपाव्यात. विशेष शिक्षण हा प्रशिक्षित व्यवसाय आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमानुसार विशेष शिक्षकाला मान्यताप्राप्त प्रशिक्षण व नोंदणी आवश्यक असते. स्वयंसेवक हा त्या शिक्षकाचा मदतनीस असतो, पर्याय नव्हे. उपचार, औषध किंवा मुलाला शिस्त लावणे हे त्याच्या अधिकारातील विषय नाहीत.

मुलांना त्यांच्या नावाने हाक मारावी. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाशी बाळाशी बोलावे तसे बोलू नये. शाळेची व पालकांची संमती नसताना छायाचित्रे घेऊ नयेत. या लहान वाटणाऱ्या नियमांतच सेवेची प्रतिष्ठा सामावलेली असते.

कामाची फोड

'पिशवी भर' ही सूचना सामान्य मुलाला एकच वाटते. प्रत्यक्षात ती अनेक कृतींची साखळी असते. रोपवाटिकेतील पिशवी भरण्याच्या कामाची फोड पुढीलप्रमाणे करता येईल.

१. गठ्ठ्यातून एक पिशवी वेगळी काढणे.
२. बोटांनी चोळून तिचे तोंड उघडणे.
३. पिशवी ट्रेमध्ये उभी धरणे.
४. माती, वाळू व शेणखत यांचे मिश्रण डब्याने पिशवीत घालणे.
५. पिशवी हलकेच आपटून मिश्रण बसविणे.
६. पिशवीवर आखलेल्या रेघेपर्यंत पुन्हा भरणे.
७. भरलेली पिशवी ओळीत नेऊन ठेवणे.

या सात पायऱ्या पहिल्यापासून शिकविल्यास मूल दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच अडते आणि काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याला मिळत नाही. म्हणून विशेष शिक्षणात पुष्कळदा शेवटाकडून आरंभाकडे जाण्याची पद्धत वापरतात. प्रारंभी सहा पायऱ्या स्वयंसेवक करतो आणि सातवी मूल करते. ती जमली की मूल सहावी व सातवी करते, मग पाचवी. अशा रीतीने प्रत्येक वेळी काम मुलाच्याच हातून पूर्ण होते.

मदत देण्याचाही क्रम असतो. सर्वांत अधिक मदत म्हणजे हात धरून करवून घेणे. त्यानंतर केवळ खूण, त्यानंतर केवळ शब्द आणि शेवटी काहीच नाही. स्वयंसेवकाने प्रत्येक भेटीत प्रत्येक पायरीपुढे 'हात', 'खूण', 'शब्द' किंवा 'स्वतः' अशी नोंद करावी. दोन महिन्यांनी वही उघडली असता चौथ्या पायरीवर 'हात' जाऊन 'खूण' आलेली दिसते. बाहेरच्या पाहुण्याला ही प्रगती दिसणार नाही. परंतु मूल, शिक्षक व स्वयंसेवक या तिघांच्या दृष्टीने ती फार मोठी असते.

येथे उत्साही तरुणाची खरी कसोटी लागते. मूल एक पिशवी भरते तेवढ्या वेळात तो स्वतः दहा पिशव्या भरू शकतो. मूल अडखळताना पाहून त्याचा हात आपोआप पुढे जातो. तो हात मागे घेऊन काही क्षण थांबणे, हे या सेवेतील सर्वांत कठीण कौशल्य होय. पुढे केलेला प्रत्येक अनावश्यक हात मुलाला शिकवितो की, थांबून राहिल्यास कोणीतरी आपले काम करील.

निरनिराळ्या गरजा

सर्व दिव्यांग मुलांना एकच पद्धत लागू पडत नाही. अंध मुलासाठी वाफ्याच्या कडेला दोरी ताणावी आणि योग्य अंतरावर गाठी माराव्यात. गाठ हाताला लागली की तेथे बी टोकावे, हा नियम बोटांना लवकर समजतो. अवजारे नेहमी त्याच खुंटीवर असावीत. दुसऱ्याने जागा बदलल्यास अंध मुलाचे स्वावलंबन तेथेच संपते. मेथी, कोथिंबीर, पुदिना, गवती चहा या पिकांची ओळख वास व स्पर्श यांवरून सहज होते.

कर्णबधिर मुलाला समजावून देताना स्वयंसेवकाने उजेडाकडे तोंड करून समोर उभे राहावे, आधी कृती करून दाखवावी व मगच खुणेने विचारावे. खुरपणी करता करता खाली पाहून बोलल्यास त्याला काहीच कळत नाही. पेरणी, पाणी, खत, तण, काढणी अशा नित्याच्या शब्दांच्या खुणा शाळेतील शिक्षकांकडून व स्वतः मुलांकडून शिकून घ्याव्यात. स्वयंसेवकाने मुलाचा विद्यार्थी व्हावे, असा हा प्रसंग दोघांनाही लाभदायक ठरतो.

चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलासाठी जमिनीवरील वाफा निरुपयोगी असतो. विटांचा चौथरा करून किंवा जुन्या पिंपाचे उभे दोन भाग करून ते मजबूत घोडीवर बसविल्यास खुर्चीवरून हात पोहोचेल अशा उंचीचा वाफा तयार होतो. पाणी निथळण्यासाठी तळाला छिद्रे ठेवावीत आणि मार्ग खुर्ची फिरेल इतका रुंद असावा.

सुरक्षितता

कृषी विद्यार्थ्याचे ज्ञान येथे विशेष उपयोगी पडते. बाजारातील पुष्कळसे बियाणे बुरशीनाशक लावलेले असते व ओळखू यावे म्हणून ते रंगविलेले असते. रंगीत बी मुलाला आकर्षक वाटते आणि ते तोंडात जाण्याचा धोका असतो. म्हणून परसबागेसाठी प्रक्रिया न केलेले बियाणेच वापरावे. विषारी कीडनाशके शाळेच्या आवारात आणूच नयेत. काम संपताच साबणाने हात धुणे, ही कामाचीच शेवटची पायरी मानावी.

अपस्माराचे झटके येणाऱ्या मुलाला भर उन्हात, तसेच विहीर, हौद किंवा शेततळे यांजवळ एकटे सोडू नये. कोणत्या मुलाला असा त्रास आहे, हे आरंभीच शिक्षकांकडून जाणून घ्यावे. विळा व कोयता यांऐवजी प्रथम बोथट टोकाची खुरपी द्यावीत. काम सकाळच्या वेळी ठेवावे.

वेळापत्रक व सातत्य

अशा उपक्रमांत अडचण सहसा उत्साहाच्या अभावी येत नाही. ती वेळापत्रकामुळे येते. महाविद्यालयाच्या परीक्षा दिवाळीच्या सुमारास व उन्हाळ्याच्या तोंडावर येतात आणि नेमक्या त्याच वेळी वाफा पाण्यावर असतो. स्वयंसेवक महिनाभर दिसत नाही, रोपे करपतात आणि त्या वाफ्यावर काम केलेल्या मुलाला काय झाले, हे कोणी समजावून सांगत नाही. विशेष मुलाच्या दृष्टीने तो केवळ पिकाचा नाश नसतो; विश्वासाचाही असतो.

यावर उपाय आहेत. एका वाफ्यास दोन स्वयंसेवक नेमावेत आणि ते वेगवेगळ्या वर्षांचे असावेत, म्हणजे दोघांच्या अडचणी एकाच वेळी येण्याचा संभव कमी होतो. पिकांचे नियोजन जून ते ऑक्टोबर व नोव्हेंबर ते मार्च अशा दोन हंगामांत करावे. मे महिन्याच्या सुटीसाठी कोणतेही नाजूक पीक ठेवू नये. येण्याचे दिवस भिंतीवरील दिनदर्शिकेवर मुलांकडूनच खुणेने दाखवून घ्यावेत. न येण्याचे दिवसही आधी दाखवावेत. दुसरे वर्ष संपण्यापूर्वी निदान चार-पाच भेटी जुन्या व नव्या स्वयंसेवकाने एकत्र द्याव्यात आणि नोंदवही नव्याच्या हाती सोपवावी. ही वही नसेल, तर प्रत्येक वर्षी मुलाचे शिक्षण पहिल्या पायरीपासून सुरू होते.

शाळेतून घराकडे

शाळेच्या वाफ्यावर शिकलेले काम घरी आपोआप उतरत नाही. शाळेत हिरवी झारी असते, घरी पत्र्याचा डबा असतो. शाळेत गादीवाफा असतो, घरी आळे असते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ही दोन कामे एकच आहेत, असे वाटत नाही. म्हणून शाळेच्या अखेरच्या वर्षात शिक्षकांसमवेत घरी भेट देऊन घरच्याच अवजारांनी, घरच्याच जमिनीवर तीच पायरीवार पद्धत पुन्हा वापरावी लागते. ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहणाऱ्या कृषिदूताला वा कृषिकन्येला हे काम अधिक सोयीचे असते.

या भेटीत सर्वांत महत्त्वाचा श्रोता म्हणजे मुलाची आई, वडील किंवा आजी. 'त्याला जमणार नाही' हे वाक्य अनेकदा मायेपोटीच उच्चारले जाते. वडिलांच्या देखत मुलाने वीस पिशव्या ओळीत भरून ठेवल्या, तर त्या वाक्याला उत्तर देण्यासाठी भाषणाची आवश्यकता राहत नाही. रोज शेळीला पाला घालणे, परसातील आठ आळ्यांना पाणी देणे, भाजीच्या जुड्या बांधणे, यांपैकी एक काम कायमचे त्याच्याकडे सोपविले जावे. ते त्याने न केल्यास घराला जाणवावे, इतके ते खरे असावे.

कायद्यानेही या दिशेने पाऊल टाकले आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शेतजमीन व घरे यांच्या वाटपाच्या संबंधित योजनांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी ५ टक्के आरक्षण ठेवून त्यात अशा स्त्रियांना योग्य प्राधान्य देण्याची तरतूदही या अधिनियमात आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. परंतु कागदावरील जमिनीचा हक्क जमीन कसण्याच्या कौशल्यावाचून अपुरा राहतो. ते कौशल्य लहानपणापासून हातात यावे लागते.

यशाचे माप

सेवाकार्याच्या अहवालात किती रोपे लावली, किती तास भरले, किती मुले सहभागी झाली, हे लिहिण्याची प्रथा आहे. त्या नोंदी आवश्यकच आहेत. परंतु या कार्याचे खरे माप निराळे आहे. नोंदवहीतील किती पायऱ्यांपुढे 'स्वतः' हा शब्द आला आणि त्यांपैकी किती कामे मूल आपल्या घरी करू लागले, हे ते माप होय. ज्या दिवशी मुलाला वाफ्यावर स्वयंसेवकाची गरज उरत नाही, त्या दिवशी ही सेवा सफल झाली, असे म्हणता येते.

या सेवेतून विद्यार्थ्यालाही बरेच काही मिळते. उद्या कृषी अधिकारी, संशोधक किंवा प्रगत शेतकरी होणारा हा तरुण शेतकऱ्याला एखादी नवी पद्धत सांगण्यास उभा राहील, तेव्हा ती समोरच्या माणसाच्या हातांना झेपेल अशी पायरीपायरीने मांडण्याची सवय त्याला लागलेली असेल. सांगितले म्हणजे शिकविले असे होत नाही, हे तो विशेष शाळेच्या वाफ्यावर शिकलेला असतो. महाविद्यालये, विशेष शाळा व पालक यांनी एकत्र येऊन एका वाफ्यापासून प्रारंभ केला, तरी आज ओट्यावर बसून असलेल्या एखाद्या मुलाच्या हाती उद्या झारी येईल आणि घरच्या कामात त्याचाही वाटा राहील.